चाकाची गोधडी

आमच्या गाडीत माणसांपेक्षा चाकाला मान होता. गाडी इतकी लहान, की ती भोरच्या पेठेतून निघाली म्हणजे पोरं "आलं खेळणं, आलं खेळणं" म्हणत मागे धावायची. पुढे दोघं, मागे दोघं, तीही अंग चोरून, एवढीच तिची ऐपत; आणि मागच्या दोन जागांतली एक कायमची स्टेपनीची. खरं तर हे जादा चाक गाडीच्या पाठीवर एका लोखंडी पट्टीला अडकवलेलं असायचं. पण अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती गाडी बदली होऊन चाललेल्या एका साहेबाकडून जुनीच घेतलेली, आणि वेल्ह्याच्या पहिल्याच खेपेत त्या पट्टीने राम म्हटला. लोहाराने जोडून दिली, रस्त्याने पुन्हा तोडली. शेवटी कंटाळून अण्णांनी चाक आत घेतलं. त्याने कपडे काळे होतात म्हणून आईने जुन्या लुगड्यांची एक गोल गोधडी शिवली, आणि तिच्यात गुंडाळलेलं ते चाक पाहुण्यासारखं मागच्या सीटवर बसू लागलं. जॅक, पंप, पंक्चरचं सामान हे सगळं एका तरटात बांधून पुढे पायाशी असे, त्यामुळे पुढे बसणाऱ्याने गुडघे हनुवटीपर्यंत घेऊनच बसायचं. तिथे बहुतेक मी असायची. घरात सगळ्यांत बारीक मीच होते, आणि बारीक असण्याचा मला आयुष्यात झालेला हा एवढाच उपयोग.

परवा नात्यातल्या एका मुलाने मला हौसेने त्याच्या नव्या गाडीतून फिरवून आणलं. मी विचारलं, "अरे, हिची स्टेपनी कुठे ठेवतोस?" तर म्हणाला, "असेल आजी, खाली कुठेतरी. कधी काढलीच नाही." मला त्याचा हेवाही वाटला आणि थोडा रागही आला. आमच्या घरात त्या चाकाच्या हिशेबाने लग्नाकार्याला कोण जाणार आणि कोण मागे राहणार हे ठरायचं. चार माणसांचं आमंत्रण आलं, तर तिघंच जात. आई बहुधा मागे राहायची. "मला कुठे मेलं जायचंय," असं म्हणून ती चुलीकडे वळायची, आणि अण्णा गाडीचं हँडल मारता मारता तिच्या पाठीकडे बघत राहायचे. अण्णांना बोलणं जमायचंच नाही. वकील होते, कोर्टात दुसऱ्यांसाठी तासभर बोलायचे, पण स्वतःसाठी एक शब्द काढायचा म्हटला तर त्यांच्या तोंडून "बरं, आपण म्हणाल तसं" यापलीकडे काही येत नसे.

गाडीची खरी मालकीण माझी थोरली बहीण अक्का. नाव इंदू, पण मी अक्का म्हणायची. लग्नाआधी अण्णांच्या बरोबर तीच सगळीकडे जायची. चाक बसलं की अण्णा हताश होऊन रस्त्याच्या कडेच्या दगडावर टेकायचे आणि अक्का पदर खोचून तरट सोडायची. जॅक कुठे लावायचा, तो मऊ मातीत रुतू नये म्हणून खाली कुठला दगड घ्यायचा, हे तिला बरोबर कळे. घरी आल्यावर ट्यूबचं भोक शोधायचं ते अंघोळीच्या घंगाळात. फुगवलेली ट्यूब पाण्यात दाबून अक्का गोल गोल फिरवायची, बुडबुडे आले की ओरडायची, "सापडलं!" मग काचपेपरची खरखर, सोल्युशनचा तो डोक्यात जाणारा वास, पंपाचा फुस्स फुस्स आवाज, आणि या सगळ्यावर आईचं चालू, "माझं घंगाळ बाटवलं, आता याच्यात अंघोळ कोण करणार?" ती मग ते चिंचेने घासघासून लख्ख करायची. पिठलं-भाकरी गार व्हायची. पण मला ते आवाज आजही ऐकू येतात, आणि त्या आवाजांत आमचं घर पुरतं जिवंत होतं असं वाटतं.

अक्काचं लग्न झालं ते वेल्ह्याच्या पलीकडे, तोरण्याच्या पायथ्याच्या एका गावात. घराणं मोठं, भातखाचरं नजर पोचेल तिथवर. तिच्या सासऱ्यांना सगळे दादासाहेब म्हणत. जावई बरे होते, पण वडिलांसमोर त्यांना वाचा नव्हती. पहिल्या खेपेला अक्काला दिवस राहिले तेव्हा अण्णा आणायला गेले आणि "आत्ता भाताची कामं आहेत, पुढे बघू" हे ऐकून परत आले. पुढे बघायची वेळच आली नाही. मूल पोटातच गेलं. अक्का त्या वेळी माहेरी महिनाभर राहिली, पण घंगाळाकडे फिरकली नाही की गाडीला हात लावला नाही. दुसऱ्या खेपेला आई सातव्या महिन्यापासून अण्णांच्या मागे लागली होती. सातव्यात दादासाहेबांनी कळवलं, घरात कार्य आहे. आठव्यात सुनेला पाठवत नाहीत, ही तर रीतच. नववा लागला तेव्हा आई म्हणाली, "आता तुम्ही तिला घेतल्याशिवाय आलात, तर मला तोंड दाखवू नका." असं आई आयुष्यात दुसऱ्यांदा कधी बोलल्याचं मला आठवत नाही. भोरला दवाखाना होता, दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. तिकडे तोरण्याखाली अडलेल्या बाईला कुणी नव्हतं. अक्का भोरला पोचते की नाही, एवढाच त्या दिवशीचा प्रश्न होता.

सोबतीला बाई हवी म्हणून मी निघाले. थंडीचे दिवस, लढाई चालू, पेट्रोल मोजून मिळायचं आणि नवीन टायर तर नुसतं नावाला. होते तेच टायर ठिगळं लावून चालवायचे, त्यामुळे स्टेपनीची किंमत आता सोन्याइतकी झाली होती. गुंजवणी नदीच्या काठी अण्णांनी गाडी थांबवली आणि आम्ही आईने दिलेल्या दशम्या चटणीबरोबर खाल्ल्या. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी जेवायचं नाही, म्हणून हे वाटेतच उरकायचं. तिथे पोचलो तेव्हा सोप्यावर नव्या आंबेमोहराच्या भाताचा वास घमघमत होता, पंगत बसत होती, आणि अण्णा एका कडेला सुपारी कातरत बसले होते. मला मुलगी म्हणून आत वाढलं. अक्काने वाढलं. तिचे डोळे खोल गेले होते आणि पाय सुजून चपटे झाले होते. मी हळूच विचारलं, "अक्का, बरी आहेस ना?" ती म्हणाली, "भात घे अजून." मागे तिच्या सासूबाई उभ्या होत्या.

निघायच्या वेळी गड्याने तांदळाची एक भरगच्च गोणी आणून गाडीशी टेकवली. दादासाहेब ओट्यावरून म्हणाले, "वकीलसाहेब, सून आमची आहे. बाळंतपणात तिने आमचाच तांदूळ खाल्ला पाहिजे. उगीच माहेरावर भार नको."

"अहो, भार कसला दादासाहेब," अण्णा म्हणाले. "गाडी लहान आहे, जागा व्हायची नाही. तांदूळ मागाहून..."

"ते चाक काढा की! खाली चार आहेत ना? आमच्या बैलगाडीचं दोनावर भागतं." गडी हसले, दादासाहेबही हसले. "परवा आमची गाडी नसरापूरला जायचीय, तिच्यात देतो पाठवून. अहो बघता काय, सुनेपेक्षा चाक जास्त झालं का?"

आता यावर मुलीच्या बापाने काय म्हणायचं? मी अण्णांकडे बघत होते. माझ्या मनात आलं, आता तरी म्हणा, हा तांदूळ नको. कोर्टात म्हणता तसं म्हणा. अण्णांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "बरं. आपण म्हणाल तसं." गड्याने चाक उचलून सोप्यावर नेलं. "चाकच न्हाई तर ह्ये तरी कशाला," म्हणून तरटाचं बोचकंही नेलं, जॅक, पंप, पंक्चरच्या सामानासकट. मी तोंड उघडलं, तर अण्णांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. मुलीकडच्यांनी व्याह्यांच्या दारात वाद घालायचा नसतो. मला इतका संताप आला होता, की आज इतक्या वर्षांनीही तो गेलेला नाही. तेवढ्यात अक्का पायऱ्या उतरून परत वर गेली, चाकावरची गोधडी ओढून काढली आणि घडी करून काखेत घेतली. "ही आईची आहे," एवढंच ती म्हणाली. मग ती मागे गोणीला टेकून बसली, मी पुढे तिची ट्रंक मांडीवर घेऊन, आणि आम्ही निघालो.

विंझर मागे पडलं आणि थोड्याच वेळात गाडी एका अंगाला कलली. मागचं चाक बसलं होतं. बैलाच्या खुराला ठोकतात त्या पत्रीचा खिळा टायरमध्ये बोटभर घुसला होता. अण्णा उतरले, सवयीने मागचं दार उघडलं, तिथे तांदळाची गोणी बघितली आणि दार पुन्हा लावून घेतलं. मग नेहमीसारखे कडेच्या दगडावर जाऊन टेकले. जवळच एक खळं होतं, भाताची झोडणी चालली होती. पेंढ्या आपटण्याचा आवाज थांबला आणि खळ्यावरचा म्हातारा पागोटं सावरत आला. मागोमाग त्याची बायको आणि दोघं तरणे मुलगे.

"चाक बसलं व्हय, सायेब? मंग दुसरं लावा की. तुमच्या गाडीत गोधडीत गुंडाळल्यालं आसतंय, म्या बगितलंय."

"ते राहिलं," अण्णा म्हणाले.

"कुटं ऱ्हायलं?"

"व्याह्यांकडे."

म्हाताऱ्याने अण्णांकडे पाहिलं, मग गाडीत बसलेल्या अक्काकडे. "आस्सं," म्हणाला. "मंग ऱ्हायलंच म्हनायचं." त्याने पुढे काही विचारलं नाही. खळ्यावरची बैलगाडी भात घेऊन नसरापूरला गेली होती, उद्या परतणार होती. अक्काने दोन्ही हातांनी पुढच्या सीटची कड धरली होती आणि ओठ आवळले होते. मी विचारलं, "दुखतंय का?" "मधूनमधून," ती म्हणाली. अण्णांनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मला रडू कोसळलं.

"रडू नको गं," अक्का म्हणाली. मग अण्णांना म्हणाली, "अण्णा, पेंढा भरा. गाडी विकताना तो साहेब नव्हता का सांगत, अडलं तर टायरमध्ये गवत ठासून चालवायची म्हणून? आपण किती हसलो होतो." अण्णा उठले. जॅक नव्हता, पण गाडी कसली, खेळणंच ते. म्हाताऱ्याच्या मुलांनी एक बाजू उचलून धरली, खाली दगड रचले, पहारीने टायरची कड उचकटली, आणि सगळे मिळून त्याच्यात पेंढा ठासू लागले. अक्का गाडीला धरून उभी राहिली होती आणि सांगत होती, "नुसता नको, पीळ घालून घाला. अजून. अजून मावेल." कित्येक दिवसांनी मी तिचा तो आवाज ऐकत होते, घंगाळाशी बसलेल्या मुलीचा. दगड काढले, गाडी खाली टेकली, आणि टायर पुन्हा चपटा झाला.

"वजान लई हाय, सायेब," म्हातारा म्हणाला. "कायतरी उतरवा."

अण्णांनी माझ्या मांडीवरची ट्रंक घेतली आणि रस्त्याच्या कडेला ठेवली. अशाही वेळी त्यांना आपलंच सामान उतरवावंसं वाटलं.

"ट्रंक नको, अण्णा," अक्का म्हणाली. "तांदूळ उतरवा."

"अगं, व्याह्यांचा तांदूळ तो. वाटेत टाकला हे त्यांना कळलं, तर तुलाच ऐकून घ्यावं लागेल."

"मला रोजच ऐकून घ्यावं लागतं. आणि तो त्यांचा नाही, माझा आहे. मी कांडलाय." तिने दोन्ही तळवे पुढे केले. मुसळाने सोलवटलेले, घट्टे पडून पिवळे झालेले. "दिवाळीनंतर कांडपिणीला येऊ नको म्हणून सांगितलं. तेव्हापासून मीच कांडते. मागच्या वेळीही कांडतच होते, अण्णा."

अण्णा ते तळवे बघत राहिले. मग त्यांनी ट्रंक पुन्हा गाडीत ठेवली, मागचं दार उघडलं, कुणाला हात लावू न देता ती गोणी स्वतः ओढून काढली आणि धडपडत नेऊन म्हाताऱ्याच्या बायकोच्या पायाशी ठेवली. "बाई, हा घ्या. तुमचा."

"आवं सायेब, येवडा कसा घ्यावा? लेक बाळंतपनाला चाललीया, तिलाच लागंल की."

"तिला दुसरा आणू," अण्णा म्हणाले.

त्या बाईने गोणीचं तोंड सोडलं, ओंजळभर तांदूळ घेतला आणि अक्काच्या ओटीत घातला. "सुखानं मोकळी व्हय गं बाई." अक्काने पदराची गाठ मारली आणि हसली. मग ती मागच्या सीटवर चाकाची गोधडी अंथरून आडवी झाली. अंग दुमडून का होईना, एका माणसाला आडवं होता येण्याइतकी जागा त्या गाडीत होती, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

नसरापूर, कामथडी, कापूरहोळ. पेंढ्याचं चाक दर फेऱ्याला धबधब आदळायचं आणि अक्का दर आदळण्याला श्वास रोखायची. कापूरहोळच्या पुढे पेंढा झिजून बाहेर येऊ लागला आणि चाकाची लोखंडी कड रस्त्याला घासायला लागली. चालण्याच्या वेगाने गाडी भोरात शिरली तेव्हा दिवेलागण झाली होती. पोरं मागे धावली, पण त्या दिवशी ती ओरडली नाहीत. गाडी थेट दवाखान्यात गेली. दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली तेव्हा अक्काला मुलगी झाली. मूल आडवं होतं. दवाखान्यातल्या बाई आईला म्हणाल्या, "तिकडे राहिली असती तर दोघींतली एकही हाती लागली नसती." आई तिथेच जमिनीवर बसली आणि मोठ्याने रडली.

गाडीचं ते मागचं चाक कामातून गेलं ते गेलंच. चाक सरळ होईना, टायर मिळेना. अण्णांनी गाडी परसात दगडांवर चढवली आणि पक्षकारांच्या जमिनी बघायला पायी जाऊ लागले. परत आले की धुळीने भरलेले पाय घेऊन ओट्यावर बसत, पाणी मागायलाही त्यांना त्राण उरत नसे. दादासाहेबांच्या सोप्यावर ठेवलेलं ते एक चाक आलं असतं तर गाडी चालली असती. पण ती परवाची नसरापूरची बैलगाडी काही आली नाही. तांदळाची गोष्ट तिकडे पोचली होती. त्यातून मुलगी झालेली. बारशालाही कुणी आलं नाही.

मग एका सकाळी दादासाहेबांचा रामा नावाचा गडी बैलगाडी घेऊन दारात उभा राहिला. गाडीत पेंढा अंथरून वर गादी घातलेली होती. आईने त्याला ओट्यावर भाकरी वाढली. खाऊन, हात धुऊन, तो खाली मान घालून अण्णांना म्हणाला, "मालकांनी सांगितलंया, सूनबाईस्नी आजच लावून द्या. त्या आल्या की मंग चाक आन् त्यो जाक पाठवून देत्यात म्हनले. सोप्यावर हाय तसंच ठिवलंया."

माजघरात अक्काने हे ऐकलं. ती जायचं म्हणाली नाही, राहायचंही म्हणाली नाही. त्या काळी लेकीने असं काही म्हणायचं नसतं. बाप पाठवेल तिथे जायचं. तिने ट्रंक पुढे ओढली आणि लुगड्यांच्या घड्या घालायला लागली. तिचे तळवे आता कुठे भरून येत होते. एक एक घडी ती दाबून बसवत होती. मी दारात उभी राहून एकदा तिच्याकडे, एकदा अण्णांकडे बघत होते. अण्णांच्या पायांना जोड्याने फोड आले होते, त्यांना आई तेल लावत होती. ते परसातल्या गाडीकडे बघत होते. त्या गाडीवर त्यांचा फार जीव होता. त्या थकल्या माणसाच्या आयुष्यात हौस म्हणून तेवढी एकच गोष्ट होती.

"रामा," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच, मऊ आणि अदबीचा. "दादासाहेबांना माझा नमस्कार सांगा. म्हणावं, चाक तिकडेच राहू द्या. जॅकही राहू द्या. आम्हाला लागत नाही."

रामाला समजलं नाही. "आन् सूनबाई?"

"गाडी रिकामी न्या."

रामाने बैल जुंपले. घुंगरांचा आवाज नदीच्या वाटेने लांब लांब गेला. अक्का अर्धी घडी घातलेलं लुगडं हातात धरून तशीच खाली बसली. आई तेलाची वाटी घेऊन उठली, आणि आमच्या जन्मात ऐकला नव्हता एवढ्या चढ्या आवाजात म्हणाली, "अहो, हे काय बोलून बसलात? आता पुढे काय करायचं?"

अण्णांनी माजघराकडे बोट दाखवलं. ट्रंकेशेजारी, त्या गोल गोधडीच्या बरोबर मधोमध, पोर मुठी आवळून निजली होती.

"हळू बोल," ते म्हणाले. "ती झोपलीय."